पाण्याचा पहारेकरी

आपल्या घरात आज किती यंत्रे आहेत, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे काय? भिंतीवर घड्याळ टिकटिकत असते, छताला पंखा फिरत असतो, कोपऱ्यात दूरदर्शन संच असतो आणि वडिलांच्या खिशात मोबाइल असतो. यांपैकी बहुतेक यंत्रांशी आपली ओळख एका बटणापुरतीच असते. बटण दाबले की यंत्र चालू होते. पुन्हा दाबले की ते थांबते. त्या पेटीच्या आत काय घडते, हे आपणांस ठाऊक नसते. म्हणूनच एखादे दिवशी यंत्र बिघडले, म्हणजे आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो.

यंत्र विकत घेणारा मनुष्य त्या यंत्राचा धनी होतो. पण जो ते आपल्या हातांनी जुळवितो, तो त्याचा जाणकार होतो. हे जाणकारपण मिळविण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. थोडी तार, एक बॅटरी, चार-दोन सुटे भाग आणि पुष्कळ धीर एवढ्या सामग्रीवर आरंभ करता येतो. या पाठात आपण असेच एक लहानसे यंत्र तयार करणार आहोत. ते कोठे उपयोगी पडेल हे समजण्यासाठी प्रथम आपल्याला वाशीम जिल्ह्यातील एका शेतावर जावे लागेल.

पश्चिम विदर्भातील वाशीम हे फार प्राचीन नगर आहे. पूर्वी त्याला वत्सगुल्म म्हणत आणि वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा हे त्याचे सहा तालुके होत. येथील बहुतेक लोक शेतीवर उपजीविका करतात. खरिपात सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके असतात. ज्यांच्या विहिरीला पाणी असते, ते रब्बीत गहू आणि हरभरा घेतात. पावसाळा सरला की पाणी जपून वापरावे लागते. विहिरीतील प्रत्येक हात पाण्याला मोल येते.

आता हिवाळ्यातील एखादी रात्र डोळ्यांपुढे आणा. शेतीपंपांना वीज अनेक ठिकाणी आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला थंडीत शेतावर जावे लागते. पंप सुरू होतो, पाणी पाटातून वाहू लागते आणि एकेका वाफ्यात शिरते. यालाच ओलीत करणे किंवा दारे धरणे म्हणतात. एक वाफा भरला, म्हणजे फावड्याने मातीचे दार बंद करावयाचे आणि पुढच्या वाफ्याचे दार उघडावयाचे, हे काम तासन् तास चालते.

यात एक मोठी अडचण असते. दार वाफ्याच्या या टोकाला असते. पाणी पोहोचले की नाही हे कळते मात्र त्या टोकाला. म्हणून शेतकऱ्याला विजेरी घेऊन पुन्हापुन्हा त्या टोकापर्यंत जावे लागते. वाटेत चिखल असतो, काटे असतात. अंधारात साप-विंचवाचे भय असते. दिवसभराच्या श्रमाने क्षणभर डोळा लागला, तर वाफा फुटून पाणी शेजारच्या वावरात जाते. पाणी वाया जाते, वीज वाया जाते आणि सुपीक मातीही वाहून जाते. पुष्कळ घरांत या कामी मदतीला एखादा मुलगा किंवा मुलगी जाते. “पाणी आलं!” अशी हाक मारणे हेच त्या मुलाचे काम. झोपेने जड झालेले डोळे उघडे ठेवून ते मूल त्या टोकाला बसून राहते आणि सकाळी तसेच शाळेत येते.

हाक मारण्याचे हे काम एखाद्या यंत्राने केले तर? असा प्रश्न मनात येणे, हाच यंत्र घडविण्याचा खरा प्रारंभ होय. आधी गरज नीट ओळखावी, मग साधने शोधावीत. येथे गरज अगदी स्पष्ट आहे. पाणी पोहोचल्याबरोबर दूर बसलेल्या माणसाला ते कळले पाहिजे.

त्यासाठी आपण पाण्याच्याच एका गुणाचा उपयोग करू. अत्यंत शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु विहिरीच्या पाण्यात जमिनीतील क्षार विरघळलेले असतात. त्यामुळे त्यातून थोडा विद्युत्प्रवाह जाऊ शकतो. दोन धातूच्या सळया एकमेकींना न टेकता उभ्या केल्या, तर त्यांच्यामध्ये हवा असेपर्यंत प्रवाह वाहत नाही. दोन्ही सळया पाण्यात बुडाल्या की पाणीच त्यांच्यातील पूल बनते आणि प्रवाह सुरू होतो. म्हणजे पाणी आल्याची खूण आपल्याला मिळाली.

पण ही खूण फार दुबळी असते. पाण्यातून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की, त्याने बझर वाजत नाही. या दुबळ्या प्रवाहाच्या साह्याने मोठा प्रवाह चालविणारा एक मदतनीस आपल्याला हवा. तो मदतनीस म्हणजे ट्रान्झिस्टर होय. जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन आणि विल्यम शॉकली या अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्माला आला. त्याबद्दल १९५६ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज मोबाइलमधील नखाएवढ्या चकतीवर असे अब्जावधी ट्रान्झिस्टर कोरलेले असतात. आपल्याला मात्र एकच पुरेल.

ट्रान्झिस्टर कसे काम करतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजणे मुळीच कठीण नाही. पाटाला लावलेले लाकडी दार आठवा. दार वर उचलण्यास हाताचे थोडेसे बळ लागते. पण ते उचलले की केवढा तरी मोठा प्रवाह त्यातून वाहू लागतो. हाताचे बळ काही पाणी वाहून नेत नाही, ते केवळ वाट मोकळी करते. ट्रान्झिस्टरमध्येही असेच घडते. त्याला तीन पाय असतात. एका पायाला आधार म्हणतात, दुसऱ्याला संग्राहक आणि तिसऱ्याला उत्सर्जक. आधारातून थोडासा प्रवाह गेला की संग्राहकाकडून उत्सर्जकाकडे जाणारी वाट उघडते आणि तिच्यातून शंभरपट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह वाहू शकतो. हा मोठा प्रवाह बॅटरीतूनच येतो. पाण्याने केवळ दार उघडलेले असते.

आता सामग्री जमवू या. ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, ९ व्होल्टवर वाजणारा एक लहान बझर, बीसी ५४७ या नावाचा एक ट्रान्झिस्टर, १ किलो-ओहमचा एक रोधक, न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन सळया आणि दोन पदरी बारीक तार, एवढेच जिन्नस लागतात. जुन्या खेळण्यातील बझर आणि मोडक्या छत्रीच्या काड्याही कामी येतात. मात्र छत्रीच्या काड्या लवकर गंजतात, हे ध्यानात ठेवावे.

जोडणी पुढीलप्रमाणे करावी. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली अशा रीतीने तो हातात धरावा. बीसी ५४७ चा डावीकडचा पाय म्हणजे संग्राहक, मधला आधार आणि उजवीकडचा उत्सर्जक. बॅटरीच्या धन टोकाला बझरची लाल तार जोडावी. बझरची काळी तार संग्राहकाला जोडावी. उत्सर्जक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावा. धन टोकापासूनच आणखी एक तार काढून ती पहिल्या सळईला बांधावी. दुसऱ्या सळईची तार रोधकाच्या एका टोकाला आणि रोधकाचे दुसरे टोक आधाराला जोडावे. रोधक कशासाठी? दोन सळया चुकून एकमेकींना टेकल्या, तर आधारातून एकाएकी फार प्रवाह जाऊन ट्रान्झिस्टर जळेल. तसे होऊ नये म्हणून रोधक त्या प्रवाहाला आवर घालतो.

झाला आपला पहारेकरी! बॅटरी, बझर आणि ट्रान्झिस्टर हे एका लहान डब्यात बसवून तो डबा आपल्यापाशी ठेवावा. सळया एका लाकडी पट्टीला दोन बोटे अंतरावर बांधून वाफ्याच्या दूरच्या टोकाला उभ्या कराव्यात. लांब तारेतून केवळ क्षीण प्रवाह जावयाचा असल्यामुळे तार बारीक असली तरी चालते. पाणी सळयांपाशी पोहोचले की डबा ओरडू लागेल. हाच डबा घराच्या छतावरील टाकीला लावला, तर टाकी भरल्याची वर्दीही तो देईल.

येथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, किती सोपे काम आहे हे! परंतु खरे शिक्षण याच्या पुढेच आहे. पहिल्याच प्रयत्नात यंत्र चालले, असे क्वचितच घडते. आपण सर्व जोडतो, सळया पाण्यात बुडवितो, आणि बझर मुका तो मुकाच! अशा वेळी कित्येक मुले निराश होऊन सारे काही एका पिशवीत कोंबून ठेवतात. काही मुले भराभर सर्व तारा सोडून पुन्हा जोडतात. या दोन्ही गोष्टी करू नयेत. ज्याप्रमाणे वैद्य रोग्याला एकेक प्रश्न विचारून दुखण्याचे मूळ शोधतो, त्याप्रमाणे आपणही यंत्राला एकेक प्रश्न विचारावा.

पहिला प्रश्न असा: दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे? सळया पाण्यातून बाहेर काढून एकमेकींना टेकवाव्यात. बझर वाजला, तर डब्यातील जोडणी बरोबर आहे. दोष सळयांच्या आणि पाण्याच्या बाजूला आहे. बझर वाजला नाही, तर डब्यात किंवा लांब तारेत दोष आहे. मग बझर थेट बॅटरीला जोडून पाहावा. वाजला, तर बॅटरी आणि बझर हे दोघेही निर्दोष ठरले. आता राहिले ट्रान्झिस्टरचे पाय आणि तारांचे सांधे. पाय उलटे लागले असतील किंवा एखादा सांधा सैल असेल. अशा रीतीने प्रत्येक प्रश्नाबरोबर दोषाची जागा आकुंचित होत जाते आणि शेवटी तो सापडतो.

कधी याच्या उलट घडते. पाणी आलेले नसतानाही यंत्र ओरडत राहते. वाशीमकडील काळ्या जमिनीत असे हमखास होण्याचा संभव असतो. काळी माती ओल फार काळ धरून ठेवते. वरून ती कोरडी दिसली, तरी सळया खोल रोवल्या तर आतील ओलीतून प्रवाह जातो आणि यंत्र फसते. येथे यंत्राचा दोष नाही. त्याला आपण विचारले होते, “पाणी आले काय?” आणि ते मात्र सांगत होते, “ओल आहे.” उपाय अगदी सोपा आहे. सळयांची टोके जमिनीपासून दोन बोटे वर राहतील अशी पट्टी बांधावी. मग वाहते पाणी चढून आले तरच ती भिजतील.

आणखी एक गोष्ट काही दिवसांनी लक्षात येईल. सळयांऐवजी तांब्याच्या तारा वापरल्या, तर धन टोकाला जोडलेली तार हळूहळू झिजते आणि तिच्यावर हिरवट पुटे चढतात. पाण्यातून एकाच दिशेने वीज वाहू लागली, म्हणजे रासायनिक क्रिया घडते आणि धातू झिजतो. काम नसेल तेव्हा बॅटरी सोडवून ठेवली, तर ही झीज कमी होते. पेन्सिलीतील शिसे म्हणून ओळखली जाणारी कांडी वस्तुतः ग्रॅफाइटची असते. तिच्यातून वीज वाहते आणि ती गंजत नाही. सळयांच्या जागी ती लावून पाहण्यासारखी आहे.

या सर्व खटाटोपात एक नियम कधी मोडू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू लागले, तर ते कोणत्या बदलामुळे चालू लागले हे कळत नाही. आपण आनंदित होतो. पण आपले ज्ञान वाढलेले नसते.

असे गरजेतून शिकण्याचे आणि हातांनी शिकण्याचे एक केंद्र आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. तो प्रदेश कमी पावसाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले आणि हिंदुस्थान लिव्हर या कंपनीत संशोधन करणारे शास्त्रज्ञ. मोठी नोकरी सोडून १९८३ साली ते पाबळला आले आणि तेथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्ध्यावर सुटलेली खेड्यातील मुलेही तेथे येऊ लागली. ज्यांना पुस्तकातील विज्ञान अवघड वाटे, ती मुले लोखंड जोडताना, विजेची जुळणी करताना आणि शेतात राबताना तेच विज्ञान सहज शिकू लागली. काम करता करता शिकावे, हे त्या आश्रमाचे सूत्र होते.

पाबळच्या मंडळींनी काय केले? विहीर कोठे खणावी, हा कोरडवाहू भागातील मोठा प्रश्न. चुकीच्या जागी विहीर खणली, तर शेतकरी कर्जात बुडतो. त्यासाठी जमिनीचा विद्युत्रोध मोजणारे कमी खर्चाचे उपकरण आश्रमात तयार झाले. जमिनीत चार सळया रोवावयाच्या, दोहोंतून वीज सोडावयाची आणि उरलेल्या दोहोंमधील विद्युत्दाब मोजावयाचा. कोरड्या खडकाचा विद्युत्रोध आणि पाणी धरून असलेल्या खडकाचा विद्युत्रोध वेगवेगळा असतो. त्यावरून खाली काय असावे याचा अंदाज करता येतो. आपल्या पहारेकऱ्यामागेही हेच तत्त्व नाही काय? ओलाव्यातून वीज वाहते, या एका गोष्टीचा उपयोग आपण वाफ्याच्या टोकाला केला; त्यांनी तो भूगर्भातील पाणी शोधण्यासाठी केला. जीपगाडीच्या जुन्या भागांपासून शेतीसाठी लहान ट्रॅक्टरही तेथे तयार करण्यात आला.

पुढे २००२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकेतील विख्यात संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ नावाची कार्यशाळा उभी राहिली. संगणकाच्या साह्याने हवा तो भाग कापावा, विद्युत्मंडले स्वतः तयार करावीत आणि आपल्याला हवे ते यंत्र आपणच घडवावे, अशी सोय या कार्यशाळेत असते. अमेरिकेबाहेर निघालेल्या अशा कार्यशाळांत पाबळची कार्यशाळा अगदी पहिल्यांपैकी होती. मोठमोठ्या शहरांना वगळून ती एका खेड्यात का यावी? कारण हातांनी काम करून शिकणारी माणसे तेथे आधीपासूनच होती. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. परंतु त्यांनी घालून दिलेली वाट पुढे चालू राहिली. भारत सरकारनेही २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा या नावाने देशभरातील हजारो शाळांत अशी सोय केली आहे. त्या इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठीच आहेत.

आता आपल्या पहारेकऱ्याकडे पुन्हा वळू. त्याला पाणी कळते आणि तो ओरडतो. पण उठून दार लावणे त्याला जमत नाही. जे यंत्र परिस्थिती जाणते, तीवरून काय करावे हे ठरविते आणि त्याप्रमाणे स्वतः हालचाल करते, त्याला यंत्रमानव म्हणतात. जाणणे, ठरविणे आणि करणे या त्याच्या तीन पायऱ्या होत. इंग्रजीतील ‘रोबॉट’ हा शब्द चेकोस्लोव्हाकियातील लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या एका नाटकातून जगभर पसरला. चेक भाषेतील ज्या शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ ‘वेठ’ असा आहे. माणसाची वेठ यंत्राने करावी, अशी त्यामागील कल्पना.

यंत्रमानव म्हटला की तो माणसासारखा दिसलाच पाहिजे, असे मात्र नाही. १९४८-४९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे विल्यम ग्रे वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने दोन यंत्रे तयार केली. ती कासवासारखी दिसत. त्यांची नावे एल्मर आणि एल्सी. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या वॉल्टर यांना एक प्रश्न पडला होता. अगदी थोड्या मज्जापेशी असल्या, तर प्राणी कितपत शहाण्यासारखा वागेल? म्हणून त्यांनी प्रत्येक कासवात केवळ दोन मज्जापेशींच्या तोलाची जुळणी केली. जुनी घड्याळे आणि गॅसमापके यांतील दातेरी चाके त्यांनी त्या कामी वापरली. ही कासवे प्रकाशाच्या दिशेने चालत, वाटेत अडथळा आला तर बाजूला वळत आणि बॅटरी उतरू लागली की दिवा लावलेल्या आपल्या खोपटात परत येत. भंगारातील चाकांपासून केलेल्या त्या कासवांना यंत्रमानवांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले.

असे कासव तुम्हीही करू शकाल. मोडक्या खेळण्यांतील दोन लहान मोटरी आणि प्रकाश पडला असता ज्यांचा रोध कमी होतो असे दोन संवेदक आणावेत. डाव्या संवेदकाने, ट्रान्झिस्टरच्या मध्यस्थीने, उजव्या चाकाची मोटर चालवावी आणि उजव्या संवेदकाने डाव्या चाकाची. प्रकाश डावीकडे असेल, तर उजवे चाक अधिक वेगाने फिरेल आणि गाडी डावीकडे, म्हणजे प्रकाशाकडेच वळेल. तारा अदलाबदल केल्या तर काय होईल? आधी विचार करा, उत्तर वहीत लिहा आणि मग करून पाहा.

हा छंद जितका आनंददायक, तितकीच त्यात सावधगिरी हवी. आपले सर्व प्रयोग बॅटरीवरच करावेत. घरातील २३० व्होल्टची वीज आणि शेतातील पंपाचा स्टार्टर यांना कधीही हात लावू नये. आपली तार त्यांच्यापासून दूर ठेवावी. जुना दूरदर्शन संच बंद असला, तरी त्याच्या आत धोकादायक विद्युत्भार साठून राहिलेला असू शकतो. तो उघडू नये. मोबाइलची बॅटरी टोचू नये, वाकवू नये किंवा तापवू नये. ती पेट घेते. तारांना डाख लावताना वडीलधारे माणूस जवळ असावे. बटणासारखे लहान सेल धाकट्या भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशी काळजी घ्यावी, कारण ते गिळले गेल्यास जिवावर बेतते.

मुलांनो, बाजारात याहून सुबक यंत्रे मिळतात, हे खरे. पैसे असले तर ती अवश्य घ्यावीत. परंतु विकतचे यंत्र दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेचा विचार करून बनविलेले असते. तुमच्या वावरातील माती काळी आहे की मुरमाड, तुमचा वाफा किती लांब आहे, तुमच्या घरी रात्री कोण जागे राहते, हे त्या कारखानदाराला ठाऊक नसते. ते तुम्हाला ठाऊक असते. म्हणून तुमच्या गावच्या काही अडचणी अशा असतील की, त्यांवरील उपाय तुम्हालाच शोधावा लागेल. आज तो उपाय एक ओरडणारा डबा असेल. पण ज्या मुलीने तो डबा जुळविला, तीन वेळा बिघडलेला पाहिला आणि तिन्ही वेळा दुरुस्त केला, तिला पुढे कोणत्याही यंत्राचे झाकण उघडताना भीती वाटणार नाही. त्या डब्यामुळे तिचा धाकटा भाऊ एक रात्र सुखाने झोपला, तर तिच्या विद्येला याहून मोठे बक्षीस कोणते हवे?

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) रात्री ओलीत करताना शेतकऱ्याला कोणत्या अडचणी येतात?
(आ) पाण्यातून जाणाऱ्या प्रवाहाने बझर थेट का वाजत नाही?
(इ) काळ्या जमिनीत पहारेकरी कसा फसतो? त्यावर उपाय कोणता?
(ई) पाबळच्या विज्ञान आश्रमात तयार झालेले उपकरण आणि आपला पहारेकरी यांत कोणते साम्य आहे?

२. कारणे द्या.
(अ) एका वेळी एकच बदल करावा.
(आ) आपल्या पहारेकऱ्याला यंत्रमानव म्हणता येत नाही.

३. वाक्यांत उपयोग करा: तोंडाकडे पाहत बसणे, आवर घालणे, जिवावर बेतणे.

४. ‘जाणकार’, ‘पहारेकरी’, ‘मदतनीस’ यांसारखे काम किंवा गुण दाखविणारे आणखी पाच शब्द लिहा.

५. उपक्रम: विहिरीचे पाणी, मीठ घातलेले पाणी, साखर घातलेले पाणी आणि मोटारीच्या बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी अशा चार पेल्यांत सळया बुडवून बझरचा आवाज ऐका. प्रत्येक वेळी सळया धुऊन पुसून घ्या. आढळलेला फरक वहीत लिहा. तुमच्या घरातील किंवा गावातील एक अडचण निवडा आणि ती दूर करणाऱ्या यंत्राचे चित्र काढून त्याचे काम दहा ओळींत सांगा.